सात मेगाहर्ट्झवरची खरखर

८ फेब्रुवारी, रविवार
सासवडजवळच्या आमच्या हॅम केंद्रावर सकाळी साडेदहानंतर चाळीस मीटरचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झचा, बँड ऐकण्याजोगा राहिला नाही. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा एरवी दिवसा तीनच्या आसपास असतो. आज तो आठच्या खाली यायला तयार नव्हता. कोल्हापूरचं रोज ठणठणीत येणारं स्टेशन कॉलसाइनपुरतं कळलं, पुढचं सगळं खरखरीत बुडालं. एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल. पाच युनिटं वाढली म्हणजे गोंगाटाची शक्ती हजारपट झाली. एवढ्या गोंगाटाखाली बॅटरीवर पाच वॉटनं बोलणारा कुणी असला तरी तो आपल्याला असून नसल्यासारखा. मला हेच बोचतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचं हौशी केंद्र व्हीयू४आरबीआय पोर्ट ब्लेअरमध्ये सुरू होतं आणि मुख्य भूमीवर निरोप त्यावरून आले. असे निरोप घेणाऱ्याचा बँड स्वच्छ असावा लागतो.

घराचा मेन स्विच पाडून रिग, म्हणजे रेडिओसेट, बॅटरीवर घेतली. खरखर तशीच. आपला पंप, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सगळे संशयितांच्या यादीतून सुटले.

१० फेब्रुवारी
रिसिव्हर एएमवर ठेवून नीट ऐकलं. जाडाभरडा, घोगरा गुरगुराट आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखरावर जातो आणि दोन्ही वेळा ठिणगी उडते, म्हणून सेकंदाला शंभर ठोके. चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर असता तर बँडवर ठरावीक अंतरानं उंचवटे दिसले असते. इथे सात, चौदा, अठ्ठावीस मेगाहर्ट्झ, कुठेही जा, सपाट गोंगाट आहे.

दुसरी खूण वेळेची. दव असतं तोवर बँड शांत. ऊन चढलं, वारा सुटला की सुरू. सैल झालेल्या दोन धातूंमध्ये केसाएवढी फट असते, तिच्यातून ठिणगी उडते. ओलाव्यानं ती फट जोडली जाते आणि ठिणगी थांबते. उच्चदाबाच्या तारेभोवती होणाऱ्या कोरोना डिस्चार्जचं नेमकं उलट: तो दमट हवेत वाढतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
देखभालीसाठी वीज बंद. वीज गेली त्याच क्षणी काटा आठवरून तीनवर पडला. दुपारी वीज आली आणि गुरगुराट परतला. आता शंकेला जागा नाही: उगम विजेच्या लाइनवरच आहे.

हाइनरिख हर्ट्झनं १८८७ मध्ये ठिणगीतूनच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या. आमच्या शिवारात कुठल्यातरी खांबावर तसाच प्रेषक दिवसभर चालू आहे, आणि ११ केव्हीची लाइन त्याची अँटेना झाली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
आजचा दिवस सार्थकी लागला. आधी वीस मीटरचा यागी, म्हणजे दिशा दाखवणारा अँटेना, फिरवला. गोंगाट कुठे सर्वांत जास्त आहे यापेक्षा कुठे तो सर्वांत कमी होतो हे बारकाईनं पाहिलं, कारण यागीच्या बाजूचा खड्डा अरुंद असतो आणि दिशा नेमकी देतो. ईशान्य आली. त्या बाजूला ओढ्यापलीकडून अंजिराच्या बागांच्या कडेनं लाइन जाते.

खालच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट तारेवरून लांबवर वाहत जातो, त्यामुळे सात मेगाहर्ट्झचा सेट घेऊन खांबाखाली फिरणारा हमखास चकतो. वर जावं तसा गोंगाट उगमाजवळच उरतो. म्हणून विमानांच्या बँडचा एएम रिसिव्हर घेतला. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे क्लॅम्पनं बसवून केलेला तीन काड्यांचा यागी हातात. बागेच्या कुंपणातून जाताना पट्ट्या वाकतात आणि पुन्हा ताठ होतात. या कामाला याहून चांगली अँटेना मला माहीत नाही.

डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, आवाज होता, पण मंद. पुढच्या वळणाच्या खांबापाशी रिसिव्हर गच्च भरला, तेव्हा सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर लावला. दोन्ही शेजारच्या खांबांखाली काही ऐकू येईना आणि या एकाच खांबाखाली ठोके स्पष्ट राहिले. अँटेना उभी-आडवी करून, तीन बाजूंनी येऊन पाहिलं. तोच खांब.

सोबतचा तरुण मित्र म्हणाला, "काका, खांबाच्या ताणाच्या तारेला एक हिसका देऊन बघू का? आवाज बदलला तर खात्रीच." मी त्याला तिथेच थांबवलं. सैल तार हिसक्यानं सुटली तर अंगावर ११ हजार व्होल्ट येतात. हातोडा, दगड, हिसका, काहीही नाही. आपलं काम कानाचं. खांबाला हात लावण्याचं काम लाइनमनचं.

१६ फेब्रुवारी
वीज कंपनीकडे अर्ज दिला. 'रेडिओला त्रास होतो' एवढंच लिहिलं असतं तर तो फायलीत पडून राहिला असता. खांबाचा नंबर, जवळची डीपी, त्रासाच्या वेळा, गुरुवारच्या शटडाउनची नोंद आणि 'खांबावर ठिणगी पडत असावी, तार तुटण्याचा संभव' असं लिहिलं. ठिणगी म्हणजे झीज, हे त्यांनाही कळतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
लाइनमन आले. परमिट घेतलं, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, तारांना अर्थिंग केलं आणि मगच वर चढले. खाली उतरले ते हातात बाइंडिंगच्या तारेचा तुकडा घेऊन. पिन इन्सुलेटरला मुख्य तार बांधणारा हा वेढा सैल झाला होता. तुकड्यावर सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे, एका जागी तार निम्मी झिजलेली. "काका, हे पावसाळ्यापर्यंत टिकलं नसतं," ते म्हणाले. खाली बाग आहे, पाणी धरायला माणसं तिथे रोज उभी असतात.

१ मार्च, रविवार
भर दुपारी काटा तीनवर. कोल्हापूरचं स्टेशन पूर्वीसारखं आलं, आणि त्याच्या मागे एक क्षीण मोर्सही वाचता आला.

तुमच्या बँडवर असा गुरगुराट आला तर आधी घराचा मेन पाडून बघा. तरीही राहिला तर खांब शोधा, त्याचा नंबर लिहा, लेखी कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.