शेवटचा दीड मीटर

नांदगाव तालुक्यात इंधन जमिनीखालून येतं. मुंबईहून निघालेली भारत पेट्रोलियमची नळी सुमारे अडीचशे किलोमीटर कापून मनमाडजवळ पानेवाडीला पोचते. पोलादी, वेल्डिंगने सांधलेली, गंज धरू नये म्हणून वरून लेप दिलेली आणि वर विजेचा सौम्य प्रवाह सोडलेली. याच तालुक्यातल्या स्वयंपाकघरात गॅस शेगडीपर्यंत नेणारी दीड मीटरची रबरी नळी मात्र ‘स्वस्तातली दाखवा’ म्हणून घेतली जाते. लोक भितात टाकीला. खरं तर टाकी जाड पोलादाची असते, कारखान्यात आतल्या दाबाच्या कितीतरी पट दाबावर तपासलेली असते आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासली जाते. नळीची अशी तपासणी कोण करतं? गॅसजोडणी सुरक्षित आहे की नाही, हे नळी आणि तिची दोन टोकं ठरवतात, असं माझं म्हणणं आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, रेग्युलेटरनंतर दाब उरतोच किती? हे खरं आहे. टाकीत चौरस सेंटीमीटरला काही किलो असलेला दाब रेग्युलेटर जेमतेम तीस ग्रॅमवर आणतो. एवढ्या दाबाने नळी फुटत नाही. पण फुटली नाही म्हणजे गळत नाही, असं थोडंच आहे? कमी दाबाची गळती फुसफुसत नाही, मुकाट चालू राहते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो ओट्याखाली, फरशीवर साचतो. हिशोब करून पाहा. एक किलो द्रव गॅसची साधारण अर्धा घनमीटर वाफ होते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगी पुरते. दहा बाय आठच्या, दहा फूट उंच खोलीला म्हणजे एवढा एक किलोच पुरे, आणि टाकीत तो सव्वाचौदा किलो असतो. शिवाय तो सगळ्या खोलीत सारखा पसरत नाही, खालीच राहतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीही चालेल. वास येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा. सर्दी झालेल्या माणसाने त्यावर किती विसंबावं?

मग नळी कसली घ्यायची? पाण्याची प्लॅस्टिक नळी तर मुळीच नको. गॅस तिच्यातला मऊपणा देणारा घटक ओढून घेतो, नळी कडक होते आणि वाकते तिथे तडकते. आयएस 9573 चा आयएसआय शिक्का असलेली, आत तारेची जाळी घातलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी घ्यावी. जाळीमुळे उंदराच्या दातांना ती सहज दाद देत नाही, हा आमच्याकडे धान्य भरलेल्या घरांत छोटा फायदा नव्हे. ती पाच वर्षांनी बदलायची. पत्र्याच्या घरात, एप्रिल-मेच्या उन्हात आणि भाकरीच्या तव्याखालून गेलेली असेल तर त्याही आधी. ‘साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. ती चाचणी आजची गळती सांगते. रबर किती थकलंय ते बोटांत वाकवून, टोकाजवळच्या भेगा पाहूनच कळतं.

‘मग सरळ तांब्याची लाइनच टाकू, कटकट मिटेल,’ असं नवं घर बांधणारे म्हणतात. टाकी बाहेर ठेवायची असेल तर तांबं उत्तम, कारण रबरी नळी भिंतीतल्या भोकातून कधीच न्यायची नसते. पण तांब्याची लाइन गिलाव्यात गाडली की गळती दिसेनाशी होते, आणि ओल्या सिमेंटचा तांब्याला उपद्रवही होतो. विलायतेत घर तापवायला अंगणातल्या टाकीतून रॉकेल आणतात, तिथेही जमिनीखालच्या तांब्याच्या नळीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. जस्त चढवलेली नळी तिथे टाळतात, कारण जस्ताचं आणि तेलाचं जमत नाही. आपल्याकडे मात्र पाइपगॅसला तीच जीआय नळी सर्रास वापरतात आणि ती तिथे योग्यच आहे. नुसता धातू चांगला की वाईट हे विचारून भागत नाही, आतून काय वाहणार तेही सांगावं लागतं. लाइन भिंतीवरून दिसेल अशी न्यावी, सांधे कमीत कमी ठेवावेत, भिंत ओलांडते तिथे बाहेरून मोठी नळी घालावी, दोन्ही टोकांना कॉक द्यावा. आणि शेगडी पुसायला सरकवावीच लागते, तेव्हा तांब्यानंतरही टोकाला हातभर रबर राहतंच. तांबं टाकलं म्हणून त्या हातभर नळीची पाच वर्षं मोजायचं थांबवणारी घरं मला सर्वांत काळजीची वाटतात.

राहिला खर्च. चांगल्या नळीला जे पैसे पडतात ते पाच वर्षांच्या महिन्यांवर वाटले, तर महिन्याला चहाच्या एका कपाएवढेही होत नाहीत. ज्याला तेवढेही जड वाटत असतील त्याने निदान बसवल्याची तारीख नळीशेजारी भिंतीवर खडूने नको, रंगाने लिहावी.