वैभववाडीचीं तीन चित्रें

सिंधुदुर्ग जिल्हा म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें मालवणचा समुद्र उभा राहतो. परंतु त्याच जिल्ह्यांतील वैभववाडी तालुक्यास समुद्रकिनारा मुळींच नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेला हा मुलूख; करूळचा घाट चढून गेलें कीं गगनबावडा व कोल्हापूर जिल्हा लागतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली; तिच्या ‘वैभववाडी रोड’ स्थानकावर उतरून गेल्या श्रावणांत आम्ही आमच्या आत्याबाईंच्या घरीं चार दिवस राहून आलों. बरोबर नातू होता व त्याच्या गळ्यांत नवा कॅमेरा.

पहिल्या दिवशीं नापण्याचा धबधबा पाहिला. तो बारमाही आहे, मग श्रावणांत काय विचारावें! रात्रीं नातवानें चित्रें मोठीं करून पाहिलीं, तों बहुतेक अंधुक. तो कॅमेऱ्यास दोष देऊं लागला. आम्हीं म्हटलें, “बाळ, वैद्य आधीं निदान करतो, मग औषध देतो. अंधुकपणा हा एक रोग नव्हे. ते तीन आहेत.”

ज्या चित्रांत अचल कातळदेखील एकाच दिशेनें फरपटलेला दिसतो, तेथें हात हालला असें समजावें. झाडांच्या सावलींत उजेड थोडा. म्हणून शटर अधिक वेळ उघडें राहतें. साधारण नियम असा कीं, भिंग ५० मिलिमीटरचें असेल तर वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक नसावा. २०० चें असेल तर दोनशेंव्या भागाहून. कोपरें बरगड्यांस टेकवावीं. तरीहि उजेड न पुरला तर आयएसओ वाढवावा. थोडे कण दिसलेले बरे, पण फरपट नको.

कातळ स्वच्छ, पण उड्या मारणारीं मुलें पुसट, हा दुसरा रोग. येथें तिपाईचा उपयोग नाहीं. सेकंदाचा पांचशेंवा भागच हवा.

तिसरा रोग दुसऱ्या दिवशीं करूळ घाटांत भेटला. कठड्याजवळचें गवत सुरेख, आणि मागचा डोंगर मात्र धूसर. धुक्यांत कॅमेऱ्यास काळें-पांढरें वेगळें दिसत नाहीं. मग तो जवळचें कांहींतरी धरून बसतो. अशा वेळीं नाभीयनाचा एकच बिंदु निवडून तो दूरच्या काळ्या कड्याच्या कडेवर ठेवावा, कळ अर्धी दाबून धरावी आणि मग चौकट जुळवावी. मोबाइलवर त्या जागीं बोट टेकलें तरी पुरतें. गार मोटारींतून दमट हवेंत उतरल्याबरोबर भिंगावर वाफ धरते, तीहि निवूं द्यावी.

आतां खरें कारण सांगतों. आत्याबाई एक्याण्णव वर्षांच्या. घरांत त्यांचें तरुणपणचें एकच छायाचित्र, लग्नांतलें. त्यांत इतर सर्व मंडळी स्पष्ट, त्या मात्र पुसट. कारण त्या क्षणींच त्यांनीं मान वळविली होती. १८३९ सालीं डागेरोटाइपची कृति जाहीर झाली, त्या सुरुवातीच्या काळांत शटर इतका वेळ उघडें ठेवावें लागे कीं, बसणाऱ्याची मान मागून लोखंडी आधारानें धरीत. आत्याबाईंच्या लग्नांत तसा आधार कोठून असणार?

शेवटच्या सकाळीं नातवानें त्यांस पडवींत उजेडाकडे तोंड करून बसविलें. वयामुळें मान किंचित् हालते, म्हणून सेकंदाचा अडीचशेंवा भाग, स्वतः खांबास पाठ टेकून उभा राहिला, छिद्र एफ/५.६ वर घेतलें, कारण जवळच्या चित्रांत स्पष्टतेची खोली चार बोटेंच असते. आणि बिंदु नेमका जवळच्या डोळ्यावर ठेवला. पापणीचा केस न् केस उमटला. आत्याबाईंनीं चित्र हातीं धरून बराच वेळ पाहिलें व म्हणाल्या, “अगदीं आईसारखी दिसतें रे मी!” त्यांच्या मातोश्रींचें छायाचित्र कोणापाशींच नाहीं.

वाचकहो, आपल्या घरींहि असा एखादा चेहरा असेल. शंभर चित्रें घाईनें काढण्यापेक्षां तीन गोष्टी पाहून एकच काढावें, आणि तें ह्या सुटींतच काढावें.