मागे कारचा टायर

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर घालून हजारो किलोमीटर फिरणारे लोक जगभर आहेत. त्यांना वेडे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यांचा हिशेब बराचसा बरोबर असतो.

माझा एक कोर्समेट फौज लवकर सोडून बंगळूरला स्थिरावला. त्याच्याकडे जुनी होंडा गोल्डविंग आहे. त्यागराज आराधनेसाठी वहिनींना मागे बसवून तो तिरुवैयारुला आला, तेव्हा 180/60 आर 16 च्या जागी 195/55 आर 16 चा रन-फ्लॅट कार-टायर होता. त्याचं म्हणणं असं : गाडीच चारशे किलोची, वर दोघं आणि सामान. हायवेवर सरळ पळून मूळ टायर मधोमध चपटा होतो. नवा मागवायचा तर आठवडे जातात. कारचा टायर दुपटीहून जास्त चालतो, भारही जास्त पेलतो.

"चालवून तर बघ," म्हणाला. बघितली.

सरळ रस्त्यावर गाडी खाटेसारखी स्थिर. पण तंजावरपासून तिरुवैयारुपर्यंत वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावच पाच नद्यांवरून. पूल आला की चढ, जोड, उतार, पुढे वळण. तिथे या टायरचा स्वभाव कळतो. मोटरसायकलचा टायर गोल असतो, कारण ती कलून वळते. ताशी 60 च्या वेगाने 100 मीटर त्रिज्येचं वळण घेताना सुमारे 16 अंश कलावं लागतं. कारचा टायर सपाट. तो कलला की कडेवर उभा राहतो आणि गाडीला पुन्हा सरळ करू बघतो. हँडल सतत दाबून धरावं लागतं. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर गाडी स्वतःच्या मताने चालते. (साइडकार लावलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ती कलतच नाही, तिला सपाट टायर शोभतो.)

याची सवय होते, हे मान्य. माझा आक्षेप दुसरा होता. मोटरसायकलच्या आणि कारच्या रिमची कड वेगवेगळ्या आकाराची असते. टायरची बीड त्या कडेवरच बसते, आणि ही जोडी कुणी तपासून दिलेली नाही. टायर बनवणारेही असं करू नका असंच सांगतात. एमटीत वाहन पास करताना आपण चांगला दिवस धरत नाही. पावसात, पूर्ण भारावर, समोर अचानक म्हैस आली तर काय, एवढंच बघतो.

"अरे, वीस हजार किलोमीटर झाले, काही झालं नाही," तो म्हणाला.

"त्या वीस हजारांत जोरात कलून ब्रेक किती वेळा मारलास?"

तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. "म्हणजे वळणावर त्या टायरचा भरवसा नाही का, भावजी?" त्यांनी सरळच विचारलं. मी हो म्हणालो. नवऱ्यासमोर ते म्हणणं जड गेलं, पण मागे बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे आणि त्याला तो क्वचितच विचारू दिला जातो.

परतीला वहिनी तंजावरहून रेल्वेने गेल्या. तो एकटाच गोल्डविंगवर निघाला, माझ्यावर थोडा रागावून. दोन आठवड्यांनी फोन आला : टायर मागवलाय, मोटरसायकलचा, पण पटलं म्हणून नाही, घरी शांतता हवी म्हणून.