सावलीचं देणं

आरसा घासणारा माणूस भेटला नसता, तर शनीला चंद्र आहेत हे मला पुस्तकापुरतंच ठाऊक राहिलं असतं.

मी साताऱ्याचा. विलिंग्डन कॉलेजात शिकायला सांगलीला आलो आणि विश्रामबागेत एका निवृत्त भूगोलशिक्षकांच्या गच्चीवर पोहोचलो. सरांनी दुर्बिणीचा सहा इंची आरसा स्वतः घडवला होता. काचेच्या दोन तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. या कामाला किती महिने लागले, हे ते सांगत नसत. काच तापली की हात थांबवायचा, एवढंच शिकवत.

24 ऑक्टोबर 1995चं सूर्यग्रहण सगळ्यांच्या तोंडी होतं. सर म्हणाले, ‘‘ते बघच. पण संध्याकाळी वर ये. शनीकडेही ग्रहणं चालू आहेत.’’

शनीचे मोठे चंद्र जवळजवळ कड्यांच्याच पातळीत फिरतात आणि ही पातळी शनीच्या कक्षेशी सुमारे 27 अंशांनी कललेली आहे. त्यामुळे टायटनसारखा दूरचा चंद्र बहुतेक वर्षं शनीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दर चौदा-पंधरा वर्षांनी सूर्य कड्यांच्या पातळीत येतो, तेव्हाच सावली त्याला गाठते. 1995च्या नोव्हेंबरात तसा योग होता. कडी रेघेएवढी उरली होती, त्यांचा झगझगाट गेला होता आणि एरवी त्यात बुडणारे बारीक चंद्र आमच्या दुर्बिणीत दिसत होते.

शनी कुंभ राशीत होता. प्रतियुती, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर येणं, होऊन गेल्यामुळे त्याची सावली आमच्या नजरेला पूर्वेकडे सरकली होती. सरांनी मला रिआची, शनीच्या एका चंद्राची, वाट बघायला बसवलं. ती शनीच्या मागून सरळ बाहेर येत नाही. बिंबापासून थोड्या अंतरावर, मोकळ्या काळ्या आकाशात, काहीच नसलेल्या जागी उजळू लागते. पूर्ण उजळायला तिला जेमतेम तीन मिनिटं लागतात. आधी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ मिळवायचं, मग पहिला ठिपका दिसताच ‘आला!’ म्हणायचं. सर वहीत वेळ लिहीत. तो प्रकाश शनीवरून सव्वा तास आधी निघालेला असतो, हे त्यांनी मला नंतर, चहा पिताना सांगितलं.

गच्चीवर ते बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगत. 1 नोव्हेंबर 1889च्या रात्री अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून त्याने शनीच्या आयापिटस या चंद्राला सावलीतून जाताना पाहिलं. गोलाच्या सावलीतून तो बाहेर आला, मग आतल्या धूसर कड्याच्या सावलीत हळूहळू मंदावला आणि तेजस्वी कड्याच्या सावलीत पूर्ण नाहीसा झाला. धूसर कड्यातून ऊन आरपार जातं, हे एका चंद्राच्या मंदावण्याने दाखवून दिलं. ते कडं पारदर्शक असल्याचं 1852मध्ये मद्रासहून कॅप्टन जेकबनेही नोंदलं होतं. पुण्यात स्वतःची वेधशाळा असलेला हा माणूस 1862मध्ये पुण्यातच वारला. सर जेकबचं नाव घरातल्या माणसासारखं घेत. आपल्या पुण्यात राहून गेलेला शनीचा अभ्यासक आपल्याला शाळेत कुणी सांगितला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे. मलाही वाटतं.

सर गेल्यावर काकूंनी दुर्बीण माझ्या हवाली केली. ‘‘नुसती ठेवू नकोस, वापर,’’ एवढंच त्या म्हणाल्या. ती साताऱ्याला आली. 2009च्या चैत्रात यवतेश्वराच्या घाटात, सिंह राशीतल्या शनीच्या शेजारी, मी टायटनला सावलीतून बाहेर येताना पाहिलं. रिआसारखी घाई त्याला नाही. त्याचा व्यास 5,150 किलोमीटर, वेग सेकंदाला साडेपाच किलोमीटर. पूर्ण उजळायला पाव तासाहून जास्त वेळ जातो. ‘आला’ नेमकं कधी म्हणायचं, हे सरांनी शिकवलं नसतं तर वहीत काय लिहावं हे मला कळलं नसतं.

2025च्या मार्चमध्ये कडी पुन्हा रेघ झाली, पण शनी तेव्हा सूर्याच्या फार जवळ होता. पुढचा योग 2038-39 मध्ये आहे. माझ्याकडे येणाऱ्या शाळेतल्या मुली तोवर कमावत्या झालेल्या असतील. घड्याळ मिळवून वेळ नोंदायला त्या आताच शिकल्या आहेत आणि सरांच्या वहीतली कोरी पानं मी त्यांना दिली आहेत. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मात्र विटला आहे. तो पावसाळ्याआधी नवा चढवून घ्यायचा आहे.