भिशीची वही आणि ब्लॉकचेन

ब्लॉकचेन हा शब्द कानावर आला की आपल्याला आठवतो तो बिटकॉइनचा भाव. कोणी किती कमावले, कोणाचे किती बुडाले, याच गोष्टी कॅन्टीनमध्ये रंगतात. विद्यार्थ्याने मात्र भाव बाजूला ठेवून आतली यंत्रणा पाहावी. ती एक हिशेबाची वही आहे. तिची नक्कल जगभरच्या हजारो संगणकांवर असते, नवी नोंद ते सारे तपासून घेतात, आणि झालेली नोंद मागाहून गुपचूप खोडता येत नाही.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली ही वही मांडली गेली, ती पैशापुरती. २०१३ च्या अखेरीस व्हिटालिक ब्युटेरिन या एकोणीस वर्षांच्या तरुणाने पुढचा विचार मांडला : वहीत नुसत्या नोंदीच का, व्यवहाराचे नियमही का लिहू नयेत? त्यातून ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम सुरू झाले. वहीत राहून आपोआप चालणाऱ्या या नियमांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

सुरुवातीला पैसा लागत नाही. रीमिक्स हे साधन ब्राउझरमध्येच उघडते. सॉलिडिटी भाषेत प्रोग्रॅम तिथेच लिहावा, तिथेच चालवून पाहावा. सरावाच्या प्रत्येक खात्यात १०० खोटे ईथर असतात. खऱ्या जाळ्यावर मात्र प्रत्येक नोंदीला 'गॅस' नावाचा आकार पडतो आणि एकदा चढवलेली ओळ सहसा बदलता येत नाही. सी किंवा जावास्क्रिप्ट येणाऱ्याला भाषा जड जात नाही. अडते ते विषयापाशी. मी विषय घेतला आमच्या गल्लीतली भिशी. बारा बायका, महिना ५०० रुपये, जिला भिशी लागेल तिला ६,००० रुपये. वही काकूंकडे.

हप्ते जमा करणे थोड्या ओळींत झाले. पैसे देण्याच्या ओळीपाशी मात्र थोडा इतिहास वाचावा लागतो. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या सामायिक निधीच्या प्रोग्रॅममध्ये पैसे आधी दिले जात आणि वजावट नंतर होई. त्या फटीतून कोणीतरी पुन्हा पुन्हा मागणी करून सुमारे ३६ लाख ईथर बाहेर काढले. जुलैमध्ये बहुसंख्यांनी नियम बदलून ते पैसे सोडवले. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली. काकू आधी वहीत लिहितात, मग नोटा हातात देतात. सॉलिडिटीतही हाच क्रम पाळायचा असतो.

पुढची अडचण चिठ्ठीची. काकूंच्या डब्यातून शेजारचे एखादे लहान मूल चिठ्ठी उचलते. संगणकांच्या जाळ्यात हे मूल आणायचे कोठून? सर्व संगणकांचे उत्तर एकच यावे लागते, त्यामुळे तिथे सोडतीचा आकडा सहज मिळत नाही. ब्लॉकमधून घ्यावा तर ब्लॉक मांडणाऱ्याला त्यात थोडीफार ढवळाढवळ करता येते. म्हणून मी चिठ्ठी सोडली आणि क्रम आधीच ठरवून दिला.

खरा प्रश्न त्यानंतरचा. पहिल्याच महिन्यात भिशी उचलून एखादीने पुढचे हप्ते भरलेच नाहीत तर? तिच्या संमतीवाचून तिच्या खात्यातले ईथर प्रोग्रॅमला ओढता येत नाहीत. मग आगाऊ अनामत घ्यावी लागते, पहिल्या नंबराकडून ५,५०० रुपये. पण जिच्यापाशी ५,५०० रुपये आहेत तिला भिशी कशाला हवी? काकूंच्या वहीत अनामतीचा रकाना नाही. कोणाच्या घरचा पगार थकला आहे, कोणाला मुलीच्या फीसाठी पहिला नंबर हवा आहे, हे त्यांना ठाऊक असते. गेल्या पावसाळ्यात एकीचे दोन हप्ते दुसऱ्या दोघींनी भरले. वहीत नाव तिचेच लागले.

यात ब्लॉकचेनला नावे ठेवण्याचा हेतू नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना सामायिक हिशेब ठेवायचा असेल, तर तिथे काकू नसतात आणि ही वही उपयोगी पडते. नव्याने शिकणाऱ्या मित्रांना एवढेच सुचवतो : पहिला प्रोग्रॅम ओळखीच्या व्यवहाराचा करा. तो व्यवहार सांभाळणाऱ्यापाशी तासभर बसा आणि विचारा, 'हप्ता चुकला की तुम्ही काय करता?' त्या उत्तरातले सॉलिडिटीत काय उतरते आणि काय उतरत नाही, याची यादी आधी करा. प्रोग्रॅम मग लिहा.