एक सूत

मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा एक माणूस गेल्या उन्हाळ्यात टेम्पो घेऊन आमच्या गॅरेजवर आला. टेम्पोत लोखंडी पायपांची एक चासी होती, तिच्या मागच्या बाजूला जुन्या मारुती ८०० चं इंजिन बसवलेलं, आणि गोणपाटात बांधलेले फायबरचे नऊ तुकडे. पुण्याकडच्या कुणा हौशी माणसानं अर्धवट सोडलेली गाडी यानं स्वस्तात उचलली होती. "अण्णा, नवरदेवाच्या एन्ट्रीला पाहिजे," तो म्हणाला. "घोडी आता कुणी मागत नाई."

अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीत जिंतूर रोडला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. काळी-पिवळी जीप जोरात होत्या तेव्हा त्यांच्याकडे गाड्यांची रांग असायची. कुणाचं मडगार्ड बैलगाडीला घासलेलं, कुणाचं दार एसटीनं चेपलेलं. अण्णा आतून लाकडाचा ठोकळा लावून बाहेरून हातोडीनं टिचक्या मारल्यासारखं ठोकायचे आणि मग डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायचे. डोळा फसतो, बोट फसत नाही, हे त्यांचं म्हणणं. मी डिप्लोमा करून चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात कंत्राटावर लागलो. तिथं माझं काम काय, तर दार आणि बॉडीमधली फट मोजणं. फट किती रुंद आणि दोन पत्रे एकाच पातळीत आहेत का. त्याला गॅप आणि फ्लश म्हणतात. बोट लावायचं नाही, गेज लावायचा. कंत्राट संपलं, पुढचं सुरू व्हायला दोन महिने होते, म्हणून मी घरी होतो.

किट कार म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरी जोडायची गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशीच विकली जायची, कारण तयार गाडीवर तिथं मोठा कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. आपल्याकडे हे वेड कमीच, पण फायबरच्या गाड्या झाल्या. १९८२ मध्ये बंगळूरच्या सिपानीनं डॉल्फिन काढली, ती अख्खी फायबरची. अलिबागजवळ चिंकारा नावाची कंपनी लोटससारखीच दिसणारी रोडस्टर करायची, तीही फायबर अंगाची. फायबरच का, तर पत्र्याला डाय आणि प्रेस लागतो, कोट्यवधींचा खर्च. फायबरला लागतो एक साचा, काचेची मॅट, रेझिन, ब्रश आणि खाज सहन करायची तयारी.

गाडी रस्त्यावर चालवता येणार नव्हती हे आम्ही त्या माणसाला आधीच सांगितलं. असल्या गाडीचं पासिंग होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिरानं भंगारातून बनवलेल्या जीपचा व्हिडिओ २०२१ च्या डिसेंबरात तुमच्याही फोनवर आला असेल. आनंद महिंद्रांनी त्याचं कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली, पण गाडी नियमात बसत नाही हेही त्यांनी सांगितलंच होतं. आमच्या गिऱ्हाइकाला त्याची चिंता नव्हती. टेम्पोतून कार्यालयापर्यंत न्यायची, गेटपासून स्टेजपर्यंत चालवायची. मागं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' लिहून द्या म्हणाला.

गोणपाट सोडलं आणि अण्णांनी पहिल्यांदा फायबरचं दार हातात घेतलं. उलटसुलट केलं, टिचकी मारली. "पत्रा ऐकतो," ते म्हणाले. "हे ऐकायचं नाई." खरं होतं. पत्रा ठोकून हलतो, ताणतो, आकसतो. फायबरला हातोडी लावली की रंगाखालच्या जेलकोटला चांदणीसारखी चीर पडते. जास्त असेल तिथं कापायचं, कमी असेल तिथं मॅट लावून भरायचं, मधला रस्ता नाही. शिवाय हातानं घातलेल्या मॅटची जाडी कुठं तीन मिलिमीटर, कुठं पाच. डावं दार आणि उजवं दार आरशातल्यासारखं असावं, तर आमच्या दारांत जवळजवळ बोटभर फरक निघाला. साचाच दोन वेगवेगळ्या दिवशी, बहुतेक दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेला.

पहिली चूक माझी. चासी एकदम लेव्हलमध्ये पाहिजे म्हणून मी ती चाकं काढून मधोमध चार घोड्यांवर ठेवली, लेव्हल पाइपनं पाणी बघितलं, मधून दोरी ओढून ओळंबे सोडले. मधली टब बसवली, दारं लावली, फट एकसारखी पाच मिलिमीटर. फोटो काढून मित्रांना पाठवले. अण्णा बघत होते. "खाली उतरव एकदा," एवढंच म्हणाले. मी चार दिवस उतरवली नाही. उतरवली तेव्हा डावं दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. उघड्या गाडीला छत नसतं, त्यामुळे चासी लवते. मध्ये टेकू दिला की दोन्ही टोकं खाली जातात आणि दाराची फट वरून उघडते. चाकांवर उभी केली की वजन टोकांवर येतं, मधला भाग लवतो, फट मिटते. दोन माणसं बसवली की आणखी मिटते. म्हणजे फायबरची गाडी जुळवायची तर ती चाकांवर हवी, इंजिन जागेवर हवं, टाकीत पेट्रोल हवं आणि सीटवर वाळूची पोती. सगळं पुन्हा केलं. बरं झालं, भोकं पाडली नव्हती, नुसत्या क्लॅम्पवर होतं.

बॉनेट तर वाकूनच आलं होतं. आधीच्या मालकाकडे ते कितीतरी दिवस भिंतीला टेकवून उभं असणार, तेही पत्र्याखाली. साधं पॉलिएस्टर रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली वस्तू चांगलीच तापते. मग आम्ही उलटं केलं. बॉनेट चासीवर ठेवून दुपारी उन्हात ढकललं, वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि पिशव्यांसकट रात्रभर थंड होऊ दिलं. तीन दिवसांत उतरलं जागेवर. परभणीचं ऊन पहिल्यांदाच फुकटात कामाला आलं.

त्याच उन्हानं दुसरी गोष्ट दाखवली. रेझिनमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के टाकतात. ऊन असेल तर कमी. हार्डनर आणि कोबाल्टचं अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीच मिसळायचं नाही, भडका उडतो. अॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये, मग हार्डनर. हे मी अण्णांना चारदा सांगितलं. ते प्रमाणाच्या बाबतीत ऐकायचे नाहीत. त्या दिवशी मगातलं रेझिन जास्त पडलं, हार्डनरही जास्त, आणि मग धुरायला लागला. असं झालं की मगाचं प्लास्टिकसुद्धा वितळतं. मी ओरडलो, "टाका खाली!" अण्णा तो मग हातात धरून ब्रश शोधत होते. मी काढून घेतला आणि मलाच तो धरवेना. त्यांच्या तळहाताला फोड आला होता. "पत्र्यावाल्याचा हात हाय," ते हसले. मीही हसलो.

उजवं दार त्यांचं होतं. डावं मी करायचं, उजवं त्यांनी, असं ठरलं होतं. दोन दिवस शिम लावत, काढत, कानशीनं कड घासत ते बसले. मग नेहमीसारखे डोळे मिटले, कडेवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "बसलं."

बसलं नव्हतं. खालचा मागचा कोपरा चांगला दोन सूत बाहेर होता. मला शेडच्या दारातून दिसत होता. गेज लावायची गरज नव्हती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. ज्या माणसानं अर्ध्या सुताचा पोचा बोटानं सांगितलेला मी लहानपणी बघितलाय, त्याला दोन सूत लागले नाहीत.

मी म्हणालो, "अण्णा, जरा परत बघा."

त्यांनी परत बोटं फिरवली. त्याच कोपऱ्यावरून. "बसलं की रे. उगं काय करायलास."

मग मला तो मग आठवला. आणि गेल्या दिवाळीला त्यांची चप्पल पायातून निसटली होती आणि ते अंगणभर तसेच चालले होते, तेही. शुगरची गोळी दहा-बारा वर्षं चालू आहे. मी गेज काढला नाही. त्यांचा हात धरला, तर्जनी त्या कोपऱ्यावर ठेवली आणि म्हणालो, "इथं." ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून बोटाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काळ्या-पिवळ्या बंद झाल्या तवापासून काम तरी कुठं हाय," ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण मी पुढं विचारलं नाही. आईला मात्र त्याच रात्री सांगितलं. डॉक्टरांनी नंतर नसांचं नाव घेतलं, गोळ्या बदलल्या, पायाला रोज रात्री बघत जा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते शेडवर उशिरा आले. मी दाराला गेज लावून खडूनं आकडे लिहीत होतो. त्यांनी स्टूल ओढलं, गाडीपासून दहा फुटांवर बसले आणि आकडे मोठ्यानं वाचायला लावले. मग म्हणाले, सगळीकडं सारखी फट करायच्या नादाला लागू नको, ही दारं सारखी होणारच नाईत. माणूस आधी वरची कड बघतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत ती रेघ सरळ ने. चूक सगळी खाली ढकल, उंबऱ्याजवळ, तिथं सावली असती. आणि दोन्ही बाजूंना सारखी ढकल. चाकणला हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिथं चूक असली तर गाडी लाइनवरून बाजूला जायची, चूक कुठं ठेवायची हा प्रश्नच नसायचा.

तसंच केलं. भोकं गोल न पाडता लांबट पाडली, कारण उन्हात फायबर लोखंडापेक्षा जास्त पसरतं, बोल्टाला सरकायला जागा पाहिजे. आतून मोठे वॉशर. ड्रिल जेलकोटच्या बाजूनं, टेप लावून, हळू. संध्याकाळी ट्यूबलाइट गाडीच्या बाजूला आडवी धरून तिचं प्रतिबिंब बघायचं. रेघ जिथं मोडते तिथं पुट्टी. हे बघायचं काम अण्णांचं. डोळे अजून चांगले आहेत.

गाडी लाल रंगात गेली. मागं जर्मनी आणि परभणी दोन्ही बसेनात म्हणून नुसतं 'परभणी' लिहिलं.

चाकणला परत आल्यावर महिन्याभरानं अण्णांचा फोन आला. कुणाचातरी ट्रॅक्टर आला होता, त्याचं फायबरचं बॉनेट. बाजूला एक पोरगा गेज लावून उभा होता, त्याचा आवाज येत होता.

"दीड सूत म्हंजे तुझ्यात किती रे?"

"पावणेपाच मिलिमीटर."

"पावणेपाच," ते त्या पोराला म्हणाले आणि फोन ठेवायचा विसरून गेले. मी बराच वेळ कानशीचा आवाज ऐकत राहिलो.