मोजलेला घास, कृतज्ञ मन



आदिलाबादच्या आमच्या मंडळीत काही जण कीटो आहार सुरू करू पाहतात आणि विचारतात, जेवणाच्या नोंदीसाठी ॲप कोणते घ्यावे? आम्ही आधी भाकरीची आठवण देतो. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात; कीटोत दिवसभराची मर्यादा साधारण 20 ते 50 ग्रॅम. म्हणून ज्वारी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी ठाऊक असलेलेच ॲप निवडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. ॲपचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कर्बोदके एकदम घटली, तर त्याच औषधाने साखर धोकादायक उतरू शकते.

दानिएलाने बाबेलात दहा दिवस शाकान्न आणि पाणी घेऊन पाहिले, पण राजाचे अन्न खाणाऱ्यांना हिणवल्याचे कुठे दिसत नाही. प्रीतिभोजनात आपणही शेजाऱ्याच्या ताटातले ग्रॅम मोजू नयेत.

प्रभो, शरीर जपण्याची शिस्त दे आणि रोजच्या भाकरीबद्दल कृतज्ञताही दे. आमेन.